ज्या वेळापत्रकाला बस नव्हती

आमच्या कॉलेजात एम.कॉम. कुणी करायचं, एम.ए. कुणी करायचं आणि पहिलं सत्र झाल्यावर विषय बदलून कुणी सुखी व्हायचं, हे विद्यापीठ ठरवत नसे, प्राचार्य ठरवत नसत आणि 'समन्वयक, पदव्युत्तर विभाग' अशी पितळी पाटी दारावर लावून बसलेला मी तर अजिबातच ठरवत नसे. ते ठरवायच्या आक्का. कागदोपत्री त्या शिपाई होत्या. जिन्याखाली नोटीस बोर्ड, बोर्डाखाली स्टूल आणि स्टुलावर आक्का, अशी आमच्या उच्च शिक्षणाची खरी रचना होती. सकाळच्या बसने त्या बेळगुंदी गावाहून यायच्या. पिशवीत डबा, चष्मा आणि हंगाम असला तर शेतातली रताळी. रताळी सगळ्या स्टाफला मिळत, पण मोठी कुणाला आणि बोटाएवढी कुणाला, यात ज्याच्या त्याच्या वर्षभराच्या वागणुकीचा निकाल असे. मला इतक्या वर्षांत मोठं रताळं मिळाल्याचं आठवत नाही.

दर वर्षी संक्रांतीच्या आगेमागे आमच्याकडे सुधारित पत्रक निघतं. वर्ष अर्धं सरलेलं असतं, एखादे प्राध्यापक सोडून गेलेले असतात, एखाद्या विषयाला दोनच डोकी उरलेली असतात आणि विद्यापीठाने मधूनच काहीतरी नवं धाडलेलं असतं. मग कुठला विषय बंद, कुठला सुरू, कुठला तास कुठल्या खोलीत, हे सगळं एकदा छापून लावावं लागतं. ते कन्नडमध्ये निघतं, इंग्रजीत निघतं आणि मराठीत निघतं. मराठी मसुदा माझा. कॉमर्सचा माणूस असून मला आपल्या मराठीचा फार अभिमान, त्यामुळे 'ऐच्छिक विषयांच्या पुनर्रचनेच्या अनुषंगाने' अशी सुरुवात केल्याशिवाय माझ्या पेनाला शाई येत नसे. आक्का तो कागद हातात घेऊन उभ्या उभ्या पूर्ण वाचायच्या. समजला तर चार कोपऱ्यांना चार टाचण्या, नाही समजला तर कागद परत माझ्या टेबलावर. 'सर, ह्यात पोरींनी काय करायचं ते कुठं लिवलंय?' असं एकदा त्यांनी विचारलं, तेव्हा मी मसुदा पुन्हा वाचला आणि ते खरोखरच कुठं लिहिलेलं नव्हतं. शेवटी बोर्डासमोर जमलेल्या पोरांना त्या तोंडीच सांगून टाकायच्या की टॅक्सचे सर गेलेत, आता मार्केटिंग घ्या आणि घरी जावा. माझ्या दीड पानाचा हा असा दीड ओळीत निकाल लागायचा आणि पोरं मला सोडून त्यांचे आभार मानायची.

नव्या विद्यार्थ्याला आक्का नाव विचारत नसत, मार्कही विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच असे, कुठली बस? त्यावरून पोरगं ओळखलं जाई, आणि अभ्यासक्रम तर त्यांनी पार सुटायच्या वेळेवरच लावून ठेवले होते. 'एम.ए. मराठी लई चांगलं हाय, अडीचला सुटतंय,' असं त्यांनी एका मुलीच्या वडलांना सांगितलेलं मराठीच्या विभागप्रमुखांनी ऐकलं. त्यांना तो साहित्याचा गौरव वाटला आणि पुढे दोन समारंभांत त्यांनी तो भाषणात वापरला. निपाणीची एक हुशार मुलगी एम.एस्सी.ला आली, तेव्हा प्रयोगशाळा संध्याकाळी सुटते हे कळताच आक्का तिला प्रवेशाच्या रांगेतून बाहेर काढून घेऊन गेल्या. मी मनातून चिडलो, एक प्रवेश गेला म्हणून. दोन तासांनी दोघी परत आल्या. आक्कांनी तिला अनगोळात एका एकट्या म्हाताऱ्या बाईंकडे खोली बघून दिली होती. ते घर माझ्या घरामागच्या गल्लीत आहे, आणि तिथं खोली रिकामी असल्याचं मला माहीत नव्हतं.

आता हे सांगायला हवं की मी स्वतः अनगोळहून स्कूटरवर येतो. दहा मिनिटं लागतात. त्यामुळे सगळा जिल्हा कॉलेजपासून दहा मिनिटांवर आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. बस मला लांबून दिसायची, तीही पुढे जाऊ देत नाही म्हणून.

दोन वर्षांपूर्वी मला बेंगळूरला दोन दिवसांच्या कार्यशाळेला धाडण्यात आलं आणि मी तिथून डेटा ॲनालिटिक्स घेऊन आलो. म्हणजे तो विषय मला समजला असं नव्हे, पण त्याची पदव्युत्तर पदविका आपल्याकडे सुरू झालीच पाहिजे हे समजलं. प्राचार्यांना मी ते इतकं रंगवून सांगितलं की त्यांनी वर्षाच्या मध्यावरच सुरू करा म्हणून परवानगी दिली. कॉम्प्युटरची लॅब मात्र एकच. मग मी सुधारित पत्रकात एक साधी हातचलाखी केली. सकाळची लॅब पदविकेला दिली आणि एम.कॉम.चं दुसरं सत्र दुपारी तीन ते पावणेसहा असं ढकललं. पत्रक तीन पानांचं झालं. पहिल्या पानावर पदविकेचं कौतुक, दुसऱ्यावर बदललेले विषय आणि तिसऱ्यावर वेळापत्रक. एवढा मोठा बदल, आणि आठ दिवस कुणी हूं की चूं केलं नाही. ना अर्ज, ना तक्रार, ना शिष्टमंडळ. प्रशासन कसं करावं ते हळूहळू आपल्याला जमू लागलंय, असं मी घरी जेवताना म्हणालोसुद्धा. बायकोने आमटी वाढली आणि विषय बदलला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पदविकेचा पहिला तास असलेल्या सोमवारी सकाळी लॅबच्या दारात दोन वर्ग उभे राहिले. नवे विद्यार्थी प्रवेश देताना मी सांगितलेल्या वेळेप्रमाणे आलेले, एम.कॉम.वाले जुन्या वेळेप्रमाणे. खुर्च्यांवरून बाचाबाची झाली, आवाज वरच्या मजल्यावर गेला आणि प्राचार्य खाली आले. बोर्डावर बघतात तर तिन्ही भाषांत पत्रकाची दोनच पानं. तिसरं आक्कांच्या पिशवीत निघालं, नीट चौघडी घातलेलं. हे का लावलं नाही, असं प्राचार्यांनी आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत विचारलं. आक्का जराही गडबडल्या नाहीत.

'सर, ह्या कागदाला बस न्हाय.'

पोरं हसली. प्राचार्य हसले नाहीत. आक्कांना निवृत्त व्हायला दोनच महिने राहिले होते, पेन्शनचे कागद वर गेलेले होते, आणि अशा वेळी कार्यालयीन कागद दडवल्याचा शेरा सेवापुस्तकात पडला तर त्या कागदांचं काय होतं ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की पत्रक तुमचं, तेव्हा अहवालही तुम्हीच लिहा आणि काय कारवाई करायची तेही सुचवा. मी मान डोलावली. ती मला चांगली डोलावता येते.

आक्कांना खडसवायचं म्हणून मी चार वाक्यं मनात जुळवली आणि बोलावणं धाडलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की लिवा सर काय लिवायचं ते, पण लिवायच्या आदी एक डाव माझ्यासंगं स्टँडवर चला, पावणेसहाला. मी स्कूटरची किल्ली खिशात टाकली. आम्ही शहर बसने स्टँडवर गेलो. वाटेत दोन विद्यार्थ्यांनी मला बसमध्ये पाहिलं आणि स्कूटर बिघडली का म्हणून आपुलकीने विचारलं.

स्टँडवर गावाकडच्या बस लागतात तिथं आम्ही उभे राहिलो. तोवर उद्यमबागेतल्या कारखान्यांची पाळी सुटून तिथली माणसं पोचली होती. बस थांबायच्या आतच दारं भरली. खिडकीतून टोप्या, रुमाल, डबे टाकून जागा धरल्या गेल्या. हल्ली बायकांना बसचं तिकीट लागत नाही, त्यामुळे बस भरते आणखी लवकर. एका खांबाजवळ दोन मुली वह्या छातीशी धरून उभ्या होत्या. दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजच्या असाव्यात. एक बस गेली, मग दुसरी गेली, आणि त्या तिथंच राहिल्या. मी आक्कांना विचारलं की पुढची कधी. आठाला, त्या म्हणाल्या. ती फाट्यावर सोडते, आत गावात जात नाही.

मग आक्का बोलल्या, समोरच्या बसकडे बघत.

'मी बी आपल्याच कॉलेजात हुते सर, बी.ए.ला. दुसऱ्या वर्साला असाच मधनं टाइम बदलला. दोन डाव मला आठाच्या बशीनं जावं लागलं. तिसऱ्या दिवशी आप्पानं माज्या वह्या माळ्यावर टाकल्या. रागानं न्हाय बगा. भ्याला हुता त्यो.'

मग काय झालं, असं मी विचारलं. विचारायला नको होतं, पण मास्तराची जीभ.

'मग काय. लगीन झालं, पोरं झाली. धा वर्सांनी हितंच झाडू माराय आलते.'

त्या दिवशी मला मनापासून लाज वाटली, आणि ती इथं सजवून सांगण्यात अर्थ नाही. एम.कॉम.च्या त्या वर्गात अकरा मुली गावाकडून येणाऱ्या होत्या. त्यांची नावं, हजेरी, अंतर्गत गुण, सगळं माझ्या कपाटात होतं. त्या घरी कशा जातात हे मात्र कपाटात नव्हतं, आणि ते नसल्याचं मला कधी जाणवलंही नव्हतं.

रात्रभर विचार करून वगैरे मी काही केलं नाही, कारण मला झोप चांगली लागते. सकाळी जाऊन अहवाल लिहिला. तिसरं पान लावू नका असं मीच आक्कांना तोंडी सांगितलं होतं, वेळापत्रकात मला चूक आढळली होती आणि प्राचार्यांना कळवायचं माझ्याकडून राहून गेलं, असा तो अहवाल. आयुष्यात एकदाच धाडस केलं आणि तेही खोटं बोलून. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला. म्हणजे आठ दिवस तुम्ही हे विसरला होता, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तुमच्या बाबतीत हे पटण्यासारखं आहे, असं म्हणून त्यांनी सही केली. मेमो मला मिळाला. तो घेताना मी चेहरा गंभीर ठेवला, पण बाहेर आलो तेव्हा जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरलो, या वयात.

पदविकेचा वर्ग आम्ही संध्याकाळी नेला. तिथली बहुतेक पोरं शहरातली, मोटारसायकलवाली, दिवसा दुकानात किंवा कारखान्यात असलेली. त्यांना संध्याकाळच हवी होती आणि त्यांना ते आधी कुणी विचारलंच नव्हतं. महिन्याभरात संख्या वाढली. मग प्राचार्यांनी एका सभेत माझ्या दूरदृष्टीचा उल्लेख केला. मी खाली बघत बसलो. आक्का मागे दाराशी उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे बघायचं मला होईना. एम.कॉम.च्या अकराही मुलींनी सत्र पूर्ण केलं.

आक्कांच्या शेवटच्या दिवशी नारळ झाला, शाल झाली, भाषणं झाली. त्यानंतर मी त्यांना माझ्या खोलीत बोलावलं. बी.ए.चा प्रवेश अर्ज मी स्वतः भरून ठेवला होता. जुनं रजिस्टर शोधून त्यांचा क्रमांक काढला होता, अडलेलं शिक्षण पुढे चालू करता येईल असा नियम विद्यापीठाकडून तपासून घेतला होता, आणि तास सकाळी नऊ ते एक असल्याचं वेगळ्या कागदावर लिहून ठेवलं होतं. सहीपुरती जागा रिकामी होती. आपण काहीतरी फार मोठं करतोय असं वाटून मी पेनाचं टोपणही आधीच काढून ठेवलं होतं. आक्कांनी चष्मा लावून अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. आपलं नाव छापील अक्षरात लिहिलेलं होतं, त्यावर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं.

'टाइम लई झकास हाय सर,' त्या म्हणाल्या. 'पण आता मला घाई न्हाय. तवा हुती.'

मग अर्ज माझ्या टेबलावर ठेवून, येते म्हणून त्या निघाल्या. चारची बस होती.

यंदाही सुधारित पत्रक मीच लिहिलं. आता ते मोबाइलवर जातं, दोन मिनिटांत सगळ्यांना पोचतं आणि माझी मराठीही बरीच जमिनीवर आली आहे. शेवटी एक ओळ मी दर वर्षी घालतो, खरं तर ती माझ्या अखत्यारीतली नाही. बी.ए. अर्धवट राहिलेल्यांचे प्रवेश अजून घेतले जातील, शेवटची तारीख नाही. प्राचार्यांनी विचारलं की हे कुणासाठी. मी म्हटलं, असू द्या सर.