दर्भाच्या कावळ्याला मी का हसले

आजोबांच्या दहाव्याच्या दिवशी आळंदीच्या घाटावर मी हसले, ते तुम्ही दोघींनी फोनवर पाहिलंत. तुमच्या बाबाने घाईने फोन दुसरीकडे वळवला. नंतर तुम्ही काही विचारलं नाहीत. तुम्हाला तसंच वळण लावलेलं आहे. तरी सांगते, आणि सुरुवातीपासून सांगते.

तुमचे आजोबा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होते. कंपनीत जपानी साहेब असत. एकदा ट्रेनिंगसाठी आजोबांना जपानला पाठवलं. शाकाहारी माणूस, भाषा येत नाही, संध्याकाळी खोलीत बसून भात-लोणचं खायचं आणि टीव्ही बघायचा. तिथे त्यांना ते विनोदी कार्यक्रम सापडले. सूट घातलेले दोघे एका माइकसमोर उभे राहतात. एक जण गंभीर चेहऱ्याने काहीतरी वेड्यासारखं बोलतो, दुसरा चिडून त्याच्या डोक्यात कागदी पंखा मारतो. शेवटी दोघे वाकून नमस्कार करतात.

परत आल्यावर आजोबांनी ते कार्यक्रम इंटरनेटवर शोधून मला दाखवले. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, रुमालसुद्धा इस्त्री करून ठेवणारी. मी म्हटलं, "अहो, यात हसण्यासारखं काय आहे?"

"हेच! अगदी याच आवाजात म्हणायचं," ते म्हणाले. "मला जोडीदार मिळाला."

कॅलेंडरच्या जाड पानांना घड्या घालून त्यांनी पंखा केला. तो फ्रीजवर असायचा. एकदा ते जेवायला हेल्मेट घालून बसले.

"हे काय?"

"ठेचा केलायस असं कळलं. सुरक्षा प्रथम."

मग मान जरा पुढे करून ते थांबायचे. मी पंखा मारायचा, दोघांनी सोफ्याकडे वाकून नमस्कार करायचा. नवऱ्याला अहो म्हणायचं आणि डोक्यात पंखा मारायचा, असं आमचं चालायचं. शेजारच्या वहिनींनी एकदा दारातून पाहिलं आणि दूध न मागताच परत गेल्या. आणि हळूहळू मलाच ते फार आवडायला लागलं. एक अक्षर कळत नसे, तरी सोफ्यावर आम्ही डोळे पुसत हसायचो. ते नेहमी माझ्या डाव्या हाताला बसत.

एके दिवशी फ्रीजमध्ये त्यांच्या चपला सापडल्या. मी पंखा आणला, मारला. त्यांनी मान पुढे केली नव्हती. ते घाबरून माझ्याकडे बघत राहिले. "मी काय केलं गं?"

पिंपरीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "असं विचित्र वागणं कधीपासून सुरू झालं?"

आमच्या घरात ते कसं सांगणार?

तुमचा बाबा फोनवर चिडला. "आई, फ्रीजमध्ये चपला, आणि तुला ते नॉर्मल वाटलं?"

"आपल्याकडे? हो."

त्यानंतर मी पंख्याला हात लावला नाही. मला एकच गोष्ट हवी होती. ते आठवण जाऊन वेडंवाकडं करतायत, की अजून आतून मुद्दाम करतायत, तेवढं कळायला हवं होतं. शर्ट उलटा घातला की मी त्यांचा चेहरा बघायची. पण गंभीर चेहरा तर त्यांचा पहिल्यापासूनच होता.

कार्यक्रम मात्र आम्ही बघत राहिलो. ते हसत नसत. एका संध्याकाळी पडद्यावर पंखा बसला, आणि त्यांनी हळूच माझ्याकडे मान पुढे केली. पंखा तिकडे फ्रीजवर होता. मी तळहातानेच टपली मारली आणि हात तिथेच, त्यांच्या केसांवर, राहू दिला. ती थट्टा होती की डुलकी, मला कळलं नाही. पुन्हा तसं त्यांनी केलं नाही.

घाटावर पिंडाला कावळा शिवत नव्हता. एक समोर तारेवर बसला होता, तोही पाठ करून. गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलंय ते ओळखून शब्द द्यायचा, म्हणजे कावळा येतो, असं मानतात. धाकट्या भाऊजींनी हात जोडले, "दादा, वहिनींचं आम्ही बघू, ये आता." तुमचा बाबा रडत म्हणाला, "बाबा, आईला एकटं नाही ठेवणार." त्यांचं काय राहिलंय, ते मला ठाऊक होतं. पंखा घरी फ्रीजवर होता.

शेवटी गुरुजींनी पिशवीतून दर्भाच्या काड्यांना गाठ मारून केलेला कावळा काढला. कावळा आला नाही तर तसं करतात. त्यांनी अगदी गंभीर चेहऱ्याने तो पिंडाला टेकवला, परत पिशवीत ठेवला, आणि म्हणाले, "शिवला."

मला हसू फुटलं. मागून कोणीतरी कुजबुजलं, "धक्का बसलाय हो." मी डावीकडे वळले, कारण हे त्यांना आवडलं असतं, आणि त्यांचा चेहरा मला बघायचा होता.

तिथे तुमचा बाबा फोन धरून उभा होता. फोनमध्ये, धाकटे, तूही हसत होतीस. मग मोठ्यांचे चेहरे बघून थांबलीस.

थांबायला नको होतंस.