पासवर्ड विसरणारी मुलगी

शाळेत त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. रुसलेला प्रोजेक्टर, मान टाकलेला संगणक, शाई ओकणारा प्रिंटर, सगळे रोगी त्याच्याच खोलीत. खोली कसली, अडगळच. पण डॉक्टरचा तोरा मोठ्या दवाखान्याचा.

सातवीत वर्षाच्या मधेच एक मुलगी आली. मधली सुट्टी झाली की ती दारात हजर. “सर, पासवर्ड विसरले.” तो नवा करून द्यायचा, तरी ती हलायची नाही. “ही वायर कशाची, सर?” असं विचारत घंटा होईपर्यंत रेंगाळायची.

एकदा ऐन परीक्षेत नेट गेलं. मुख्याध्यापिकांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं. त्यात दाराशी मुलांची रांग, आणि रांगेत ती.

“सर, पासवर्ड...”

“आल्या विसरभोळ्या बाई!” तो मोठ्यांदा म्हणाला. “स्वतःचं नाव तरी आठवतंय, की तेही मीच बदलून देऊ?”

पोरं खो खो हसली. तीही कसनुसं हसली आणि पासवर्ड न घेताच गेली.

रात्री जेवताना त्याने हा किस्सा रंगवून सांगितला. बायको हसली. आई मात्र म्हणाली, “एवढुशी पोर रोज कशी रे विसरेल?” त्याने ते कानाआड केलं.

पुढच्या आठवड्यात वरच्या मजल्याचं नेट बिघडलं. नेटची पेटी गच्चीच्या जिन्यात होती. मधल्या सुट्टीत तो चढून गेला, तर शेवटच्या पायरीवर ती एकटीच डबा खात बसलेली. त्याला बघताच तिने झाकण लावलं आणि तोंडातल्या घासासकट उठली.

“सॉरी सर. जाते मी.”

“अगं, बस, खा की. मैत्रिणी कुठायत तुझ्या?”

ती म्हणाली, “पासवर्ड पाठ झालाय आता, सर.” आणि अंग चोरून खाली उतरली.

पेटी उघडून तो नुसताच उभा राहिला. त्या पोरीला शाळेत बोलायला एकच माणूस होता, आणि एका विनोदापायी त्याने तिला तिथूनही हाकललं होतं.

तो तडक तिच्या वर्गशिक्षिकेकडे गेला आणि ती जिन्यात एकटीच डबा खाते, हे सांगितलं.

“तुमच्याकडे रोज यायची ना ती?” बाई म्हणाल्या. “तुम्हाला कधी जाणवलं नाही?”

“नाही,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर उभं राहून त्याने तिची माफी मागितली. ती मान खाली घालून नखाने बाक खरवडत राहिली. आपण तिला पुन्हा सगळ्यांसमोर आणलं, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. खरं काम बाईंनीच केलं, गाजावाजा न करता. दोन गप्पिष्ट मुलींच्या मधे तिची जागा केली.

महिन्याभराने त्या तिघी त्याला व्हरांड्यात भेटल्या.

“डॉक्टर ओळखतात तुला?” एकीने विचारलं.

“पासवर्ड द्यायचे,” ती म्हणाली, आणि हसत तिघी पुढे गेल्या.

त्याला बरं वाटलं. पण त्यांच्याकडे वळून बघायची हिंमत काही झाली नाही.