चोरलेली दहा वर्षं

कुठून सुरू करू, तेच कळत नाही. माती मी स्वतःच्या हाताने खाल्ली, तेव्हा सांगायलाही मीच हवा. चहा घ्या, गार होतोय.

माझी नात रेवा. सिंगापुरात वाढली आणि लग्न ठरवून बसली कोरियाच्या मिनजुनशी. पोरगा गुणी. पण त्यांच्या घरी आजोबांचा शब्द शेवटचा. ते सोलहून आमच्या सेरंगूनच्या फ्लॅटवर जेवायला येणार होते. ते हो म्हणाले तर लग्न, नाहीतर राम राम.

आदल्या दिवशी रेवाने माझी शिकवणी घेतली. "आजोबा, ते लोक आधी वय विचारतात. मोठ्याशी बोलताना क्रियापदसुद्धा बदलतं. सो प्लीज, डोन्ट प्ले प्ले ला, मस्करी नाही चालणार."

"म्हणजे आपलं अहो-जाहो आणि अरे-तुरे. त्यात शिकायचं काय?" चौथी नापास असलो तरी एवढं कळतं मला.

मिनजुनचे आजोबा आले. वय अडुसष्ट, ताठ कणा, केस काळेभोर. दुभाष्या रेवाकडून मराठी शिकलेला मिनजुन. पहिलाच प्रश्न वयाचा. मी चौऱ्याहत्तरचा, पण ते केस बघितले आणि तोंडातून निघून गेलं, "चौसष्ट."

सुनेने डोळे वटारले. मुलगा पन्नासचा, म्हणजे मी चौदाव्या वर्षी बाप झालो, हे गणित मला कुठलं सुचायला?

झालं, मी धाकटा ठरलो. रेवा कानात म्हणाली, "ते आता तुम्हाला अरे-तुरे करताहेत."

मला तर गुदगुल्या झाल्या. कित्येक वर्षांत मला कुणी अरे म्हटलं नव्हतं. मग मीही चेकाळलो. दोन्ही हातांनी त्यांना कोकम सरबत दिलं, त्यांनी पहिला घास घेईपर्यंत पुरीला हात लावला नाही, वर तीनदा कमरेत वाकून नमस्कार.

पण म्हातारा खुलेना. मी वाकलो की माझ्या कमरेकडे बघायचा. मी गोळ्यांची डबी उघडली की नातवाशी कुजबुजायचा. बासुंदीला तर त्याने हातच लावला नाही. रेवाचा चेहरा उतरला.

शेवटी मिनजुन चाचरत म्हणाला, "आजोबा विचारतात, तुमच्या घराण्यात काही आजार आहे का? चौसष्टाव्या वर्षीच अशी अवस्था... त्यांना पुढच्या पिढीची काळजी वाटते."

रेवाच्या डोळ्यांत पाणी.

मी हात जोडले. "चौऱ्याहत्तर. खोटं बोललो."

ते कळताच म्हातारा ताडकन उठला आणि त्याने गुडघे टेकून जमिनीला डोकं लावलं. सहा वर्षांनी मोठ्या माणसाला अरे-तुरे केलं ना त्याने! मी उठवायला गेलो तर माझीच कंबर धरली, शेवटी त्यानेच मला सरळ केलं. मग दोन्ही हातांनी सरबत दिलं आणि लग्नाला हो म्हणाला. रेवाने मला मिठीच मारली.

तेवढ्यात तो पुन्हा नातवाच्या कानाला लागला.

"आता काय?" मी विचारलं.

मिनजुन खाली बघत म्हणाला, "ते म्हणतात, आता आपण घरचेच झालो, लाजू नका. खरं वय सांगा. ऐंशीच्या पुढे आहे ना?"

निमूट आत गेलो, पासपोर्ट आणला. त्यांनी तो अदबीने दोन्ही हातांत घेतला, आणि जन्मतारीख दोनदा वाचली.