तीन विती छज्जा

आमचे हे गवंडी. टेपवर विश्वास नाही, स्वतःच्या वितीवर भारी. घर बांधायच्या आधी मोकळ्या जागेत काठी रोवायची आणि वर्षभर तिच्या सावलीच्या खुणा करायच्या, ही यांची रीत. लोक हसायचे. हे कानाआड करायचे.

मग यांच्या थोरल्या बहिणीचं, अक्कांचं नवं घर बांधायला निघालं. थंडीत अक्कांची पावलं बधिर व्हायची. गेल्या हिवाळ्यात त्या मोरीत पडल्या, तेव्हा मुलानं बजावलं, "पुन्हा असं झालं तर घर बंद करून माझ्याकडे यायचं." अक्कांच्या ते जिवावर आलं होतं. यांनी शब्द दिला, "हीटर न लावता पाय उबदार ठेवतो की नाही बघ."

जाड भिंती, गरम हवा निघून जायला वर झरोके, काळी फरशी, दक्षिणेला मोठी खिडकी. तिच्यावर छज्जा असा, की उन्हाळ्याचं उंच ऊन बाहेर अडावं आणि हिवाळ्याचं कललेलं ऊन दुपारी थेट खाटेवर, अक्कांच्या पावलांवर यावं. यांनी काँक्रीटचा साचा ठोकणाऱ्या सुताराला सांगितलं, "तीन विती काढ." सुताराचा हात म्हणजे फावडं! छज्जा अर्धी वीत जास्त आला. ध्यानात आलं तेव्हा काँक्रीट घट्ट झालं होतं.

उन्हाळा मजेत गेला. शेजारणी भाजी निवडायला अक्कांकडेच येऊन बसायच्या. यांना मात्र घास गोड लागेना.

थंडी पडली. भर दुपारी आम्ही दोघं गेलो. ऊन आत आलं होतं, पण खाटेच्या अर्धी वीत अलीकडे थांबलेलं. अक्का शालीत मुटकुळं करून बसलेल्या.

"चुकलं माझं, अक्का. आजच छज्जा फोडतो," हे म्हणाले.

माझा पारा चढला. "अहो, खाट सरकवा की!"

"नकाशात खाट इथंच आहे."

भिंत हलत नाही म्हणून जगात काहीच हलत नाही, असं गवंड्याला वाटतं. मी पदर खोचला आणि एका बाजूनं खाट धरली. नाइलाजानं यांनी दुसरी बाजू धरली. अक्कांसकट खाट हातभर खिडकीकडे आली.

ऊन पावलांवर आलं. थोड्या वेळानं अक्कांची बोटं हलली. त्यांनी तापल्या फरशीवर पाय टेकले आणि भिंतीचा आधार न घेता स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. हे खाटेच्या कडेवर टेकले. "सुटलो एकदाचा," म्हणाले आणि डोळे पुसले. मलाही हायसं वाटलं, पण मी ते दाखवलं नाही.

अक्का आतूनच ओरडल्या, "छज्ज्याला हात लावलास तर याद राख! उन्हाळ्यात त्यानंच तारलंय. आणि माझ्या लेकाला फोन लाव. म्हणावं, थंडी वाजत असेल तर तूच ये इकडे."