नीलांबरीनं लावलेलं कॅलेंडर

तळ्याची निम्मी फेरी झाली तरी नीलांबरी बोटांवर काहीतरी मोजतच होती. अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीत मार्चमध्येही कडेला बर्फाचे ढिगारे असतात, म्हणून आम्ही दोघी रस्त्याच्या मधूनच चालत होतो. त्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास पुढे गेली होती. संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून ती इथे दरवर्षी पुढे करतात, पण २००७ साली सरकारनं नियम बदलला आणि ती तीन आठवडे आधीच गेली. सोमवारी तिची परीक्षा होती.

नीलांबरी नागपूरची. दातांची उपकरणं बनवणाऱ्या इथल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. तिथली ईमेल आणि सगळ्यांचं मिळून एक कॅलेंडर, म्हणजे कोण कधी मोकळं, कुणाची मीटिंग कधी, हे विकतच्या सॉफ्टवेअरवर चालायचं. तिनं बॉसला सांगितलं, हेच काम ओपन सोर्सवर होतं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, आतला कोड कुणीही वाचावा, सुधारावा असं. बॉस म्हणाला, एका विभागात चालवून दाखव, चाळीस माणसांवर. घड्याळं बदलल्यावर एक मीटिंग जरी चुकली, तर परत जुनं.

ऑफिसात लावायच्या आधी, हिवाळ्यात, तिनं ते आमच्या भजनी मंडळावर करून पाहिलं. तारखा भरायचं काम माझ्याकडे. मी मराठी शाळेतली, कॉम्प्युटर पन्नाशीत शिकलेली. कॅलेंडरनं विचारलं, तुमची वेळ कुठली? मी बिनदिक्कत भारताची निवडली. आईला फोन करायचा, एकादशी पाहायची, माझ्या डोक्यात तीच वेळ चालते. मग शनिवारी दुपारी चारचं भजन भरलं; इथल्या वेळेनं ते पहाटे साडेपाचचं झालं. मंडळातल्या शैलजाताई शनिवारी पहाटे साडेपाचला पेटी घेऊन दारात हजर.

"अहो, काकड आरती आहे हे सांगायचं तरी," त्या म्हणाल्या. आल्याच होत्या, तर आम्ही दोघींनी ती केलीही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नीलांबरी मात्र हसली नाही. "काकू, असं ऑफिसात किती जण करतील?" एवढंच तिनं विचारलं.

म्हणून कॅलेंडर लागल्यावर ती एकेकाच्या टेबलापाशी गेली. विभागात आपली सहा माणसं, त्यांतल्या चौघांनी भारताचीच वेळ ठेवलेली. रोज पुण्याशी बोलायचं, त्यामुळे इथली वेळ ते मनातल्या मनात काढायचे. भारतात घड्याळं हलत नाहीत. त्यांनी दर आठवड्याला लावलेल्या मीटिंगा त्या सोमवारी इथे तासानं सरकल्या असत्या, म्हणून तिनं चौघांचीही वेळ इथली करून दिली. चौघांत मॅनेजर देवदत्तसुद्धा होता. तो म्हणाला, "यार, घरी सांगू नकोस. बायकोला वाटतं मी इथे रुळलो."

उरला सरकारचा नवा नियम. सर्व्हरमध्ये घड्याळांच्या नियमांची एक यादी असते. कोड उघडाच असल्यानं ती तिला स्वतः वाचता आली, नवी बसवता आली. मग तिनं चाळीस जणांच्या मीटिंगा एकेक करून तपासल्या.

"सगळं केलंय," तळ्याच्या त्या टोकाला ती म्हणाली, "तरी आज रात्री पुन्हा एकदा पाहीन."

मी घरी येऊन देवापाशी दिवा लावला. तिला ते सांगितलं नाही.

सोमवारी नऊची मीटिंग नऊलाच झाली. संध्याकाळपर्यंत एकही चुकली नाही. जुनं सॉफ्टवेअर असलेल्या विभागांत दोन चुकल्या. बॉसनं सगळ्यांसमोर विचारलं, बाकीच्या ऑफिसला कधी लावतेस? तपासायची आपली पद्धत तिनं त्या कोड लिहिणाऱ्या लोकांनाही पाठवली, आणि त्यांनी ती तिच्या नावासकट ठेवून घेतली. हे तिनं मला फोनवर अगदी सरळ आवाजात सांगितलं.

पुढच्या फेरीला तिनं माझ्याकडे एक मागणं मागितलं. तिनं नागपूरला आपल्या आईला फोनवर सांगून पाहिलं होतं, पण आई म्हणते, फुकटची वस्तू लावली, त्यात काय एवढं. नीलांबरी कॉन्व्हेंटची. मराठी छान बोलते, लिहायला बसली की अडते.

"काकू, तुम्ही तिला पत्र लिहा ना, तुमच्या भाषेत," ती म्हणाली. "आणि बॉस काय म्हणाला ते अगदी वरती लिहा. ती पत्र शेवटपर्यंत वाचत नाही."