मामांच्या वाट्याचा हुरडा

बाळांनो, मोहोळ गावाजवळच्या शेतावर हुरडा भाजणारे मामा तुम्हाला आठवत असतील. त्यांचं नाव मी इतक्या वर्षांत विचारलेलं नाही. दर जानेवारीत ते तसेच आगटीपाशी उकिडवे बसलेले असतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून ज्वारीचं कणीस काढतात, तळव्यांवर चोळतात आणि फुंकर मारून दाणे खाणाऱ्याच्या हातात ठेवतात. कोणी फोटो काढत बसलं की ओरडतात, "फोटू मागनं काढा की! गार झाल्यावर काय चव ऱ्हाती?" स्वतः मात्र सगळे उठल्याशिवाय खात नाहीत. त्यांची चार कणसं बाजूला ठेवलेली असतात.

यंदा तिथे माणशी पैसे घेऊन, मनगटाला कागदी पट्टी बांधून आत सोडत होते. मी आम्हा पाच जणांच्या पट्ट्या घेतल्या. फाटकाबाहेर आमचा ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता. मामांनी त्याला हाक मारली, "पाव्हणं, तितं काय करताय? या की हितं!"

तो येऊन बसला, तसा मालक धावत आला. "मामा, पट्टी नसेल त्याला द्यायचं नाही, सांगितलंय ना? पुन्हा असं झालं तर उद्यापासून येऊ नका."

"व्हय," मामा म्हणाले आणि बाजूची कणसं चोळू लागले. "ही माझ्या वाट्याची हायत."

मी सहावी पट्टी आणायला उठले. परत आले तेव्हा ड्रायव्हरचं खाऊन झालं होतं आणि मामा नुसता चहा पीत होते.

आता कुठेही निघताना माणसं मोजते, तेव्हा ड्रायव्हरपासून सुरुवात करते.