माझ्या हातची द्राक्षं

मॅडमनी माझ्या हातचे डबे टेबलावरून उचलायला लावले. स्वतः हात लावला नाही. शेजारच्या बाईला म्हणाल्या, "हे सगळे बाजूला काढ. बाहेर जाणाऱ्या मालात नकोत." चाळीस बाया कात्र्या थांबवून बघत होत्या. मी उभी होते, कारण मला बसता येत नव्हतं. एवढाच माझा गुन्हा.

ओझरच्या बाजूला द्राक्षांचं एक पॅकहाऊस आहे, तिथली ही गोष्ट. घडातले खराब मणी कात्रीने काढायचे, घड डब्यात बसवायचे, वजन करून डबा पुढे द्यायचा. दहा तास स्टुलावर. मॅडम म्हणजे मालकांच्या सूनबाई, देखरेख त्यांची. त्या दिवशी परदेशात माल नेणाऱ्या कंपनीचे साहेब पाहणीला यायचे होते. लाइन सरळ दिसायला हवी होती.

"बस खाली. एकटीच काय उभी?"

"मॅडम, बसता येत नाय."

"का? सगळ्यांसमोर सांग, त्यांनाही कळू दे."

सांगितलं. मूळव्याध. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. "शी! आणि त्याच हातांनी फळं भरतेस? घाण. बाहेर हो आधी."

मूळव्याध हाताला होत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी कात्री ठेवून दाराकडे निघाले. माझ्या आजीच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे. मॅडमनी जातीचं नाव घेतलं नाही. मागे सरकायची ती दोन पावलं मात्र मी ओळखली.

आमचा टेम्पो संध्याकाळशिवाय निघत नाही. तोवर मी शेडच्या भिंतीला धरून उन्हात उभी राहिले. रडले. दुखण्यामुळे रडले म्हणाले असते तर खोटं झालं असतं.

हे दुखणं आलं कुठून? तिथल्या कामाच्या पद्धतीतून आलं. हॉलच्या दाराशी एक पांढरा बोर्ड आहे. बाहेर जायचं तर टोपी, ॲप्रन काढायचं, बोर्डावर नाव, वेळ आणि कारण लिहायचं, परत येताना हात धुऊन सगळं पुन्हा चढवायचं. कामात खोटी होते म्हणून मॅडम सुटीच्या आधी तो बोर्ड मोठ्याने वाचून दाखवायच्या. कोण किती वेळा गेली, कशाला गेली. टेम्पोच्या ड्रायव्हरपर्यंत ऐकू जायचं. मग आम्ही बायांनीच त्यावर उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. स्वतःच्या हाताने स्वतःचा घसा बांधला आणि वर त्याचं कौतुक, "मी आज एकदाबी गेले नाय."

सकाळी टेम्पो द्वारका चौकात सहाला. वस्तीतल्या संडासाला त्याआधीपासून रांग. नंबर लागेपर्यंत टेम्पो निघून जाईल म्हणून तशीच पळायचे. पोट दोन-दोन, तीन-तीन दिवस साफ व्हायचं नाही. व्हायचं तेव्हा जीव खाऊन कुंथायचं. एका रविवारी तशीच कुंथले आणि तासाभराने तिथे गाठ लागली. बोराएवढी, टणक. हात लागला तरी डोळ्यांसमोर अंधारी.

सासूबाईंना सांगायची लाज वाटली. म्हणाले, कंबर धरलीय. त्या बिचाऱ्या ते खरं धरून चालल्या. वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि म्हणाल्या, "बस हिच्यावर, कंबर मोकळी व्हईल." सुनेला सासूला नाही म्हणता येत नाही. बसले. जी ओरडले! त्यांना वाटलं वीट जास्त तापली. मला तेव्हा हसूही येत होतं आणि मरावंसंही वाटत होतं. त्या दिवसापासून जेवणही टाकलं, म्हणजे संडासला जावं लागणार नाही. अक्कल गहाण ठेवणं म्हणजे काय, ते हेच.

दुसऱ्या दिवशी मॅडमचं ते झालं. तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेले, एकटीच. डॉक्टर तरुण बाई होती. पडदा ओढला, तपासलं, आणि नाक मुरडलं नाही. माझं लक्ष तिच्या नाकाकडेच होतं.

म्हणाली, "ताई, गुदाच्या तोंडाशी शिरा असतात. तिथल्या शिरेत रक्त गोठलंय, त्याची गाठ आहे. कॅन्सर नाही. कुणाला लागतही नाही. दोन-तीन दिवसांत आलात म्हणून जागा सुन्न करून गुठळी काढता येईल. उशीर झाला असता तर औषधं आणि शेकावर हळूहळू जिरू द्यावी लागली असती."

सुई टोचली तेव्हा आई आठवली. पण मग छोटीशी चीर, काळसर गुठळी बाहेर, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मी पूर्ण श्वास घेतला. मग तिने पथ्य सांगितलं: टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा बसायचं, इसबगोल घ्यायचं, भाजी-फळं खायची, कुंथायचं नाही, लागली की थांबवून ठेवायचं नाही. शेवटी तिने विचारलं, "पाणी किती पिता?"

"कामावर पीत नाय."

"का?"

तेवढा एक शब्द. मॅडमनीही तोच विचारला होता. पण हिला उत्तर हवं होतं. मी बोर्डाचं सांगत गेले आणि सांगता सांगता माझं मलाच ऐकू आलं. लाज माझी नव्हती. माझ्यावर लादलेली होती, आणि मी ती नीट घडी घालून जपत होते.

आठवड्याने कामावर गेले. मॅडम म्हणाल्या, "तू आता आत नको. बाहेर पुठ्ठ्याची खोकी जोड." मी ऐकलं नाही. चहाच्या सुटीत सगळ्या बाया जमल्या होत्या, तिथे मोठ्याने बोलले. गाठ कुठे आली, कशी आली, डॉक्टरने काय काढलं, सगळं. एकही शब्द गाळला नाही. मग बाटलीभर पाणी सगळ्यांसमोर प्याले.

मग लीलाबाई माझ्याजवळ आल्या. साठीला टेकलेली बाई. कानाशी म्हणाल्या, "मला दोन वरसांपासून रगत जातंय गं. म्हणून तर काळं लुगडं नेसते. मला वाटलं, आता वय झालं." दोन वर्षं माझ्या शेजारी बसून घड कापत होत्या. मला पत्ता नाही. माझ्या अपमानाचं जेवढं दुःख झालं नव्हतं, तेवढं त्या लुगड्याचं झालं.

मॅडम दारात उभ्या होत्या. "नाटकं बंद कर. उद्यापासून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी लीलाबाईंना घेऊन दवाखान्यात गेले. रक्त जातं म्हणजे मूळव्याधच असेल असं धरून चालायचं नाही, म्हणून डॉक्टरने आतून तपासणी करायला सांगितलंय. अजून काही कळलेलं नाही. त्या घाबरल्यात. मीही.

काल टेम्पोवाला वस्तीत येऊन निरोप देऊन गेला. "ताई, मॅडम म्हनल्या, समद्यांसमोर सॉरी म्हन आन् ये. माल लय आलाय."

मी म्हणाले, "सांग त्यांना, येते. पण सॉरी त्यांनी म्हणायचं. समद्यांसमोर. आन् बोर्ड वाचणं बंद."

तो डोकं खाजवत गेला. घरात चणचण आहे. सासूबाई दोन दिवस बोलत नाहीत. हंगामाचा महिना उरलाय आणि मला दुसरं काम माहीत नाही. भीती वाटते, वाटू दे. ज्या तोंडाने माझ्या हातांना घाण म्हटलं, त्या तोंडाने तो शब्द चाळीस बायांसमोर परत घेतल्याशिवाय मी तिथे कात्री हातात धरणार नाही.